बारमाही झाडांच्या नावाखाली २४,५०० रुपयांच्या काड्या

मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीत कंपाउंडच्या भिंतीलगत चाळीस फुटांचा पट्टा आहे. तिथे दुपारभर ऊन, मे महिन्यात निम्मी बिल्डिंग गावी आणि टाकीच्या पाण्यावरून रोजची भांडणं. अशा जागी आपलं आपण जगतील अशी फुलझाडं हवी होती. काम माझ्या गळ्यात पडलं. फेब्रुवारीत राणीच्या बागेतलं पुष्पप्रदर्शन बघून आलं की सगळ्यांनाच फुलांचं वेड लागतं, आणि झाडं विकणारे हे लोक नेमके तेव्हाच दारात येतात.

मोबाईलवर फोटो, तोंडात साखर. ‘मॅडम, सगळी बारमाही, लॅव्हेंडरपण देतो.’ १२० झाडं, प्रत्येकी १४० म्हणजे १६,८००, माती-शेणखत ४,२००, मजुरी ३,५००. एकूण २४,५००. पैकी १५,००० यूपीआयने आगाऊ.

टेम्पो आला संध्याकाळी सातला. उतरवताना एक पिशवी कलंडली आणि बोगनवेल मातीतून अलगद बाहेर आली. खाली मूळ नाही, नुसता तिरका छाट! त्याने ती काडी पटकन परत खुपसली, अंगठ्याने माती दाबली आणि म्हणाला, ‘नवीन कलम आहे, आठवड्यात धरेल.’ हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. पण मागे गाड्यांचे हॉर्न, फाटक अडवलेलं, वॉचमनची ड्युटी बदलायची घाई, वर आमचे खजिनदार गच्चीतून ‘झालं का?’ ओरडताहेत. अशा वेळी कोण १२० पिशव्या उपटून बघणार? उरलेले ९,५०० तिथेच गेले.

मार्च संपता संपता पट्ट्याची रया गेली. निम्म्या काड्याच होत्या. उरलेल्यात पेटुनिया आणि डायँथस, म्हणजे मुंबईत थंडीपुरती लावायची रोपं. पेटुनिया तिच्या मूळ देशात वर्षानुवर्षं जगतही असेल, आमच्या भिंतीपाशी नाही. ‘लॅव्हेंडर’ निघाला निळा साल्व्हिया. आणि खरा लॅव्हेंडर दिला असता तरी आपल्या दमट हवेत, पावसाळ्यात कुजलाच असता, हे शेजारच्या बिल्डिंगच्या माळ्याने फुकट सांगितलं.

पिशवीच्या भोकांतून मुळं डोकावत नसतील तर पैसे काढू नका.

पोलीस चौकीत आधी हसले. ‘झाड मेलं म्हणून गुन्हा?’ मग म्हणाले, दिवाणी बाब आहे. मग, त्याचा पत्ता कल्याणचा, तिकडच्या हद्दीत जा. तिकडे म्हणाले, पैसे मुलुंडमधून गेले, तिकडेच जा. जुनं ४२० जाऊन १ जुलै २०२४ पासून फसवणुकीला नव्या भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम लागलं, हे मीच त्यांना सांगायचं! अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. बँकेने हात झटकले : पिन तुम्हीच टाकलात ना? महापालिकेच्या उद्यानवाल्यांनी ‘खासगी जागा’ म्हणून फोन ठेवला. प्रत्येकाकडे नकाराचं कारण तयार होतं, कागद घ्यायला मात्र कोणी नव्हतं. आता ग्राहक आयोगात जातेय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत २ वर्षं. कच्च्या चिठ्ठीवर कोण दाद देणार, म्हणून बिल घ्याच. आणि बिलात झाडांवर जीएसटी लावलेला दिसला तर तिथेच थांबवा, जिवंत रोपांवर तो नसतो.

उन्हाळा सोसणारी झाडं हवीत तर सदाफुली, एक्झोरा, तगर, प्लंबॅगो, बोगनवेल घ्या, तीही जूनच्या पावसात लावा म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मुळं धरतात. सदाफुलीच्या मुळाशी पाणी साचू देऊ नका. कण्हेर चिवट खरी, पण विषारी. लहान मुलं खेळतात तिथे नको.

येत्या सर्वसाधारण सभेत हे २४,५०० माझ्याकडून वसूल करावेत असा विषय दोघांनी अजेंड्यावर घातलाय. त्या माणसाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर मात्र कालच तोच लॅव्हेंडरचा फोटो होता, खाली ‘भांडुप, नाहूर बुकिंग सुरू’.