शिकवलेच न गेलेले मॉडेल: समुद्रपूर तालुक्यातील आमच्या हळद कंपनीची फसवणूक

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यात काही गावांच्या महिला बचत गटांनी मिळून उभी केलेली एक छोटी उत्पादक कंपनी आहे. तिच्या सचिवपदाचे काम मी गेली पाच वर्षे पाहते. आम्ही वायगाव हळद उकडून, वाळवून, पॉलिशच्या ड्रममध्ये फिरवून आणि दळून थेट ग्राहकांना विकतो. या हळदीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून पुण्या-मुंबईकडूनही मागणी येते. नोव्हेंबर 2024 ते मे 2025 या काळात डिजिटल मार्केटिंगसाठी ‘तुमचे स्वतःचे एआय मॉडेल’ तयार करून देतो असे सांगून आमच्याकडून 1,72,000 रुपये घेण्यात आले आणि ते मॉडेल कधी तयार केलेच गेले नाही. आमच्यानंतर तोच प्रस्ताव शेजारच्या तालुक्यातील दोन गटांकडे गेल्याचे मला कळले, म्हणून झालेला सगळा प्रकार क्रमाने लिहीत आहे.

आमची गरज खरी होती. नव्या हळदीच्या हंगामात आणि दिवाळीच्या आसपास व्हॉट्सॲपवर दिवसाला सत्तर-ऐंशी संदेश येतात. भाव काय, हळकुंडे मिळतील का, कुरिअर किती दिवसांत येईल, जुन्या हळदीला कीड लागली तर काय करावे, असे प्रश्न दोन मुली रात्री अकरापर्यंत मोबाइल हातात धरून उत्तरतात. त्याशिवाय ऑनलाइन दुकानांसाठी उत्पादनाचे वर्णन लिहायचे असते आणि जुन्या ग्राहकांना आठवड्याला एक संदेश पाठवायचा असतो. ही तिन्ही कामे मराठीत, आमच्या शब्दांत आणि एकही चुकीचा दावा न करता व्हायला हवी होती.

एका कृषी प्रदर्शनात नागपूरच्या एका एजन्सीचे गृहस्थ भेटले. त्यांनी जे समजावून सांगितले, ते पुढे तपासून पाहिल्यावर जवळजवळ सगळे बरोबर निघाले, आणि म्हणूनच आमचा विश्वास बसला. चॅटजीपीटीसारखी मोठी भाषा मॉडेल, म्हणजे भरपूर मजकुरावर शिकवलेले आणि उत्तरे लिहिणारे प्रोग्राम, सहसा दूरच्या सर्व्हरवर चालतात, त्यांना इंटरनेट लागते आणि व्यवसायाच्या कामाला जोडली तर सहसा वापराप्रमाणे पैसे द्यावे लागतात. एक ते तीन अब्ज पॅरामीटरची (म्हणजे मॉडेलच्या आत साठवलेल्या आकड्यांची) लहान मॉडेल मात्र विनामूल्य उतरवून घेता येतात आणि साध्या लॅपटॉपवर चालू शकतात. अशा लहान मॉडेलचे मराठी मुळात कच्चे असते, पण एकाच ठरावीक कामाचे हजारभर चांगले नमुने देऊन त्याला पुन्हा शिकवले, म्हणजे फाइन-ट्यून केले, तर तेवढ्या कामापुरती त्याची भाषा आणि मांडणी बरीच सुधारते. त्यासाठी लोरा नावाची पद्धत आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ती 2021 मध्ये मांडली. तिच्यात मूळ मॉडेलच्या आकड्यांना हात न लावता बाजूला एक छोटा जादा भाग शिकवला जातो, त्यामुळे खर्च फार कमी येतो. भारनियमनात आणि टॉवर बंद असतानाही ते चालेल, ग्राहकांची माहिती गावाबाहेर जाणार नाही, असेही त्यांनी सांगितले. आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस नेटवर्क नसते, त्यामुळे हा मुद्दा आम्हाला सर्वांत जास्त पटला.

व्यवहार असा झाला. 40,000 रुपये आगाऊ, 70,000 रुपये ‘डेटा आणि ट्रेनिंग’साठी, प्रात्यक्षिकानंतर 36,000 रुपये आणि पुढे दरमहा 6,500 रुपये सर्व्हरचे भाडे. यांपैकी 70,000 रुपये त्यांनी एजन्सीच्या खात्यात न घेता एका खासगी यूपीआय क्रमांकावर मागून घेतले. कंपनीचे खाते तांत्रिक कारणाने बंद असल्याचे सांगितले आणि मी ते मान्य केले. हिशेब सांभाळणारी व्यक्ती म्हणून ती माझी चूक आहे. शिवाय, मॉडेल आमच्याच लॅपटॉपवर चालणार असेल तर सर्व्हरचे भाडे कशासाठी, हा साधा प्रश्न आमच्यापैकी एकीलाही त्या वेळी सुचला नाही.

नमुने तयार करण्याचे काम आमच्या बायकांनी केले. हे सांगताना मला आजही वाईट वाटते, कारण खरा कष्टाचा भाग तोच होता. डिसेंबरभर संध्याकाळी समाजमंदिरात बसून त्यांनी ग्राहकांचे जुने प्रश्न आणि त्यांची नीट उत्तरे रजिस्टरमध्ये लिहिली, मुलींनी ती मोबाइलवर टाइप केली आणि एकूण 1,140 जोड्या तयार झाल्या. हळदीचा डबा घट्ट का झाकावा, हळकुंड घरी दळायचे तर आधी किती वाळवावे, एकाच वर्षातल्या दोन पोत्यांच्या रंगात फरक का पडतो, अशा प्रश्नांना चाळीस वर्षे हळद लावणाऱ्या बाईने दिलेले उत्तर कुठल्याही जाहिरात संस्थेला लिहिता येणार नाही. याच वेळी एजन्सीने आमच्या 2,300 ग्राहकांची नावे आणि मोबाइल क्रमांकांची यादीही ट्रेनिंगसाठी लागते म्हणून मागितली. मॉडेलला भाषा शिकवण्यासाठी कोणाच्याही फोन क्रमांकाची गरज नसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. यादी मी स्वतः पाठवली.

त्यानंतर चाळीस दिवस ‘ट्रेनिंग चालू आहे’ एवढेच उत्तर मिळत राहिले. हजार-अकराशे नमुन्यांवर एवढे लहान मॉडेल लोरा पद्धतीने शिकवायला एका ग्राफिक्स कार्डवर काही तासांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. नमुने स्वच्छ करायला आणि निकाल तपासायला दिवस जातात, हे खरे. पण आम्हाला तसे सांगितले गेले नाही, सर्व्हरवर रात्रंदिवस यंत्र चालू आहे असे सांगितले गेले.

फेब्रुवारीत हळद उकडण्याचे काम जोरात असताना एजन्सीचे ते गृहस्थ प्रात्यक्षिकासाठी आले. लॅपटॉप उघडून त्यांनी स्वतःच प्रश्न टाइप करायला सुरुवात केली आणि पडद्यावर उत्तरे येऊ लागली. तिसऱ्या उत्तराला आमची एक ज्येष्ठ सभासद उठून म्हणाली, “बाई, हे तं माह्यंच लिहेल हाय!” सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आपले शब्द यंत्र शिकले, असे आम्हाला वाटले आणि त्याच संध्याकाळी मी 36,000 रुपये दिले.

शिकलेल्या मॉडेलची परीक्षा त्याने कधी न पाहिलेल्या प्रश्नांवर घ्यायची असते. चौथीच्या मुलाला वहीत सोडवून दिलेलेच गणित परीक्षेत घातले तर त्याला गणित येते की पाठांतर येते, हे कळत नाही. इथेही तसेच आहे. म्हणून नमुन्यांपैकी दहावा हिस्सा तरी आधीच बाजूला काढून ठेवायचा, तो शिकवणाऱ्याला दाखवायचाच नाही आणि शेवटी त्यावरून तपासणी करायची, ही या कामातली सर्वसाधारण रीत आहे. आम्ही 1,140 च्या 1,140 जोड्या देऊन बसलो होतो, त्यामुळे आमच्या हातात तपासायला काहीच उरले नव्हते. शब्दाला शब्द जुळणारे उत्तर पाहून सावध व्हायला हवे होते, आणि आम्ही नेमक्या तिथेच आनंदलो.

प्रत्यक्ष वापर सुरू झाल्यावर दोन आठवड्यांतच मुलींनी तक्रार केली की उत्तरे आपल्यासारखी वाटत नाहीत. ‘आमच्या परिवारात आपले हार्दिक स्वागत आहे’ अशी सुरुवात, मध्येच हिंदी वळणाची वाक्ये, आणि हळकुंडाला ‘हळदीचे मूळ’. एजन्सीने सांगितले की वापरता वापरता ते आणखी शिकेल. तसेही नसते: एकदा शिकवून झालेले मॉडेल पुन्हा मुद्दाम शिकवल्याशिवाय बदलत नाही.

मार्चअखेरीस त्या मॉडेलने जुन्या ग्राहकांसाठी एक संदेश लिहिला आणि घाईत न वाचता तो सुमारे सहाशे जणांना गेला. आमची हळद ‘मधुमेह मुळापासून बरा करते’, असे त्यात होते. अमरावतीच्या एका ग्राहकाने, जे स्वतः डॉक्टर आहेत, मला फोन करून विचारले, “ताई, हे तुम्ही लिहिलं आहे का?” अन्नसुरक्षा व मानके कायदा 2006 च्या कलम 53 प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मधुमेह बरा करण्याचा दावा जाहिरातीत करणे तर 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्यातही बसत नाही. दंड यंत्राला होत नाही, पाकिटावर ज्यांचे नाव आहे त्यांना होतो. त्याच रात्री आम्ही दुरुस्तीचा संदेश पाठवला. पण माझ्या मनात दुसराच प्रश्न राहिला. आमच्या 1,140 उत्तरांत एकाही ठिकाणी आजार बरा होण्याचा शब्द नव्हता, मग हे वाक्य आले कुठून?

उत्तर एप्रिलमधल्या वादळाने दिले. टॉवर बंद पडला आणि इंटरनेटशिवाय चालणारे आमचे मॉडेलही त्या क्षणी बंद पडले. माझी भाची वर्ध्याला अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती सुट्टीत आली तेव्हा तिने लॅपटॉपवरचा तो प्रोग्राम उघडून पाहिला. सेटिंगच्या फाइलमध्ये एका विदेशी कंपनीच्या मोठ्या मॉडेलच्या सेवेचा पत्ता होता, वापराची चावी होती आणि दीड पानाची इंग्रजी सूचना होती. तिच्याखाली आमच्या 1,140 पैकी 40 जोड्या जशाच्या तशा चिकटवलेल्या होत्या. प्रात्यक्षिकात विचारलेले सगळे प्रश्न त्या चाळिसांतले होते. “मावशी,” ती म्हणाली, “उरलेल्या अकराशे कोणी वाचल्यासुद्धा नाहीत.”

मोठ्या मॉडेलला नीट सूचना देऊन काम करून घेणे यात गैर काहीही नाही, आणि लहान व्यवसायाला अनेकदा तेच पुरेसे असते. त्यांनी तसे सांगून त्याचे योग्य पैसे मागितले असते तर आम्ही कदाचित तेही घेतले असते. पण आम्हाला इंटरनेटशिवाय चालणारे, आमच्या नमुन्यांवर शिकवलेले आणि आमच्या मालकीचे मॉडेल विकले गेले होते, आणि ग्राहकांचे प्रश्न तर रोज दूरच्या सर्व्हरवर जात होते.

आम्ही जाब विचारला तेव्हा एजन्सीने आठ दिवसांनी सुमारे तीन जीबीची एक फाइल पाठवली आणि हेच तुमचे ट्रेन केलेले मॉडेल, असे कळवले. भाचीने त्या फाइलची एसएचए-256 ही 64 अक्षरांची खूण काढली. फाइलमधला एक आकडा जरी बदलला तरी ही खूण संपूर्ण बदलते. आमच्या फाइलची खूण हगिंग फेस या मॉडेल उतरवून घेण्याच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी उपलब्ध असलेल्या क्वेन 2.5 या मॉडेलच्या 1.5 अब्ज पॅरामीटरच्या मूळ मॉडेलच्या खुणेशी पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत जुळली. लोरा पद्धतीत मूळ फाइल न बदलणे शक्य असते, म्हणून आम्ही तो बाजूचा शिकवलेला भाग, ज्याला अडॅप्टर म्हणतात, त्याची छोटी फाइल आणि ट्रेनिंगची नोंद मागितली. त्यानंतर फोन बंद झाला.

पोलीस ठाण्यात आम्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 (फसवणूक) खाली तक्रार दिली आहे आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही नोंद केली आहे. सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर लगेच फोन केला तर पैसे वाटेतच अडवण्याची शक्यता असते. आम्हाला तोवर महिने उलटून गेले होते. ग्राहक आयोगाबद्दल हिंगणघाटच्या वकिलांनी सावध केले. व्यावसायिक हेतूने घेतलेल्या सेवेसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘ग्राहक’ म्हणून उभे राहणे कठीण जाते, स्वयंरोजगाराने उपजीविका करणाऱ्या व्यक्तीला सवलत आहे, पण नोंदणीकृत कंपनीला तो आधार मिळेलच असे नाही. त्यांनी करारपत्र वाचले तेव्हा त्याहून मोठी अडचण समोर आली. त्यात ‘एआय सोल्यूशन पुरवणे’ एवढेच लिहिले होते. कोणत्या मूळ मॉडेलवर काम होणार, अडॅप्टरची फाइल आणि ट्रेनिंगची नोंद आमच्या ताब्यात कधी येणार, इंटरनेट बंद करून चाचणी होणार की नाही, आमच्या बाजूला ठेवलेल्या प्रश्नांपैकी किती उत्तरे मान्य झाल्यावर शेवटचा हप्ता द्यायचा, यांपैकी एकही ओळ नव्हती. या ओळी असत्या तर चाळिसाव्या दिवशीच सगळे उघड झाले असते.

उन्हाळ्यात भाचीने गुगल कोलॅब या ऑनलाइन सेवेच्या विनामूल्य ग्राफिक्स कार्डवर आमच्याच जोड्या वापरून तेच लहान मॉडेल खरोखर शिकवले. एक दुपार पुरली. निकाल मध्यम आहे. व्हॉट्सॲपची छोटी उत्तरे आमच्या शब्दांत येतात, उत्पादनाचे वर्णन अजून कृत्रिम वाटते, आणि भाव त्याला शिकवण्याचा प्रयत्न आम्ही सोडून दिला, कारण ते जुनाच भाव ठामपणे सांगत राहते. आता भाव दर वेळी तक्त्यातून वेगळा दिला जातो आणि कोणताही संदेश एका बाईने वाचून सही केल्याशिवाय जात नाही. या वेळी 120 प्रश्नांची वही आम्ही आधीच वेगळी काढली होती. ती कार्यालयातील कपाटात कुलपाखाली असते आणि भाचीलाही दिलेली नाही.

पैशांपेक्षा मला त्या 2,300 क्रमांकांची जास्त काळजी आहे. मे महिन्यापासून आमच्या काही ग्राहकांना कर्जाचे आणि औषधांचे फोन येऊ लागले. ते त्याच यादीमुळे की नाही हे सिद्ध करता येत नाही, पण यादी माझ्या हातून गेली हे खरे आहे. म्हणून दोन मुली आणि मी रोज संध्याकाळी तीस-चाळीस ग्राहकांना फोन करून काय घडले ते सांगतो आणि क्षमा मागतो. कालपर्यंत 1,410 जणांशी बोलणे झाले.