धरमपेठेतील इंग्रजी व्याकरणाचा वर्ग: 'जो-तो' उत्तम, 'अ-ॲन-द' अर्धवट

नागपुरात सिव्हिल लाइन्समधील एका वकिलांच्या कार्यालयात मी अर्जांचे आणि नोटिसांचे इंग्रजी मसुदे तयार करतो. शब्दांची अडचण मला सहसा येत नाही. मसुदा लाल शाईने भरून परत यायचा, तो आर्टिकल्स (नामाआधी येणारे 'अ', 'ॲन', 'द') आणि रिलेटिव्ह क्लॉज ('हू', 'विच' यांनी सुरू होणारी, नामाची माहिती देणारी उपवाक्ये) यांच्यापायी. म्हणून धरमपेठेतील एका खासगी वर्गाचा, केवळ या दोनच विषयांवरचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम मी पूर्ण केला. तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे वर्गाचे नाव देत नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी फळ्यावर मराठी वाक्य लिहिले: 'जो भाडेकरू वर राहतो, तो शिक्षक आहे.' आमच्यापैकी बहुतेकांनी त्याचे इंग्रजी 'द टेनंट हू लिव्ह्ज अपस्टेअर्स, ही इज अ टीचर' असे केले. "त्यातला 'ही' काढा बरं," एवढेच सर म्हणाले. मराठीत 'जो'ला 'तो'ची जोड लागते, पण इंग्रजीत 'हू'चे उपवाक्य नामाला चिकटून बसत असल्याने 'ही'ला जागाच उरत नाही, हे मला शाळेत कोणी सांगितले नव्हते.

त्याहून मोलाचा ठरला स्वल्पविरामाचा तास. 'द टेनंट्स हू हॅड नॉट पेड रेंट गॉट नोटिसेस' याचा अर्थ थकबाकीदारांनाच नोटिसा मिळाल्या. 'हू'पासून 'रेंट'पर्यंतचा भाग दोन स्वल्पविरामांत घातला, की सगळेच भाडेकरू थकबाकीदार ठरतात आणि नोटिसा सर्वांना जातात. मराठीत 'ज्या भाडेकरूंनी भाडे भरले नव्हते, त्यांना नोटिसा मिळाल्या' असे लिहिताना मध्ये स्वल्पविराम देण्याची आपली सवय इतकी पक्की असते, की तोच हात इंग्रजीतही चालतो आणि अशिलाचे म्हणणे नकळत बदलते. अशा स्वल्पविरामांतल्या उपवाक्यात 'हू' किंवा 'विच'च्या जागी 'दॅट' चालत नाही, हेही तेथेच पक्के झाले.

आर्टिकल्सकडे वळताच मात्र वर्ग झेरॉक्सच्या टिपणांवर चालू लागला. टिपणात 'स्वर अक्षरापूर्वी ॲन' असे छापले आहे. नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी' पण 'ॲन अवर', आणि आमच्या रोजच्या वापरातले 'ॲन एफआयआर'. विचारल्यावर सरांनी तोंडी दुरुस्ती केली, टिपण तसेच राहिले. नद्या आणि पर्वतरांगांना 'द' लागतो, एकेकट्या तलावाला लागत नाही, म्हणून 'द नाग' आणि 'द सातपुडा', पण 'अंबाझरी लेक'. ही यादी पाठ करण्यावाचून इलाज नाही, तेव्हा तिच्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती या दोन विषयांची गाठ न घातल्याबद्दल. मराठीत आर्टिकल नाही, पण 'ज्या कारकुनाला मराठी येते, तो' म्हटले की कोणी ठरावीक माणूस डोळ्यांसमोर येतो आणि इंग्रजीत 'द क्लार्क हू नोज मराठी' होते. 'मराठी येणारा एक कारकून हवा' म्हटले की तोच 'अ क्लार्क' होतो. पुढे 'हू' आला म्हणजे मागे 'द' आलाच पाहिजे, या समजुतीने आम्ही सगळे चुकत होतो. अभ्यासक्रमाचा गाभा असायला हवा होता असा हा भाग शेवटच्या रविवारी अर्ध्या तासात उरकला.

शुल्क 4,500 रुपये आहे आणि प्रत्येकाची वही तपासून मिळते, हे लक्षात घेता ते जास्त वाटत नाही. शंकरनगर चौक मेट्रो स्थानकावरून चालत जाता येते. मे महिन्यात प्रवेश घेणाऱ्यांनी मात्र पुढच्या रांगा धराव्यात, कारण कूलरच्या आवाजात मागच्या बाकावर 'अ' आणि 'द' यांतला फरक ऐकूच येत नाही. ज्यांचे रिलेटिव्ह क्लॉज कच्चे आहेत, त्यांनी हा वर्ग अवश्य करावा. केवळ आर्टिकल्ससाठी जाणाऱ्यांनी पैसे राखून ठेवावेत. परवाच्या नोटिशीत वकीलसाहेबांनी माझे दोन 'द' खोडले, स्वल्पविरामांना मात्र हात लावला नाही.