वाचता न येणारी नायिका

सारा जे. मास या अमेरिकन लेखिकेची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही २०१५ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी माझ्या भाचीने कॉलेजच्या सुट्टीत दोनदा वाचली आणि ‘मावशी, तू हे वाचच’ असा लकडा लावला. म्हणून आप्पा बळवंत चौकातून एक प्रत आणली आणि पावसाळ्यातल्या आठ-दहा संध्याकाळी ती वाचून पूर्ण केली.

कादंबरीचा सांगाडा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या फ्रेंच परीकथेचा आहे. मादाम द विलनव यांनी ती १७४० मध्ये विस्ताराने लिहिली आणि १७५६ मध्ये मादाम द बोमाँ यांनी तिला जे छोटे रूप दिले, तेच पुढे घरोघरी पोहोचले. जहाजे बुडाल्याने कफल्लक झालेला व्यापारी, त्याच्या मुली आणि एका गुलाबापायी श्वापदाच्या वाड्यात जाणारी धाकटी लेक ही ती कथा. मास यांनी बुडालेला बाप आणि दोन थोरल्या बहिणी तशाच ठेवल्या आहेत. मात्र त्यांची एकोणीस वर्षांची फेयरा गुलाबामुळे नव्हे, तर हातून झालेल्या हत्येमुळे परीलोकात नेली जाते. उपासमारीच्या हिवाळ्यात शिकारीला गेलेली असताना ती एका लांडग्याला मनात द्वेष ठेवून मारते आणि तो लांडगा परीलोकातला निघतो. मरणशय्येवरच्या आईला ‘मी सगळ्यांना सांभाळीन’ असा शब्द दिल्यामुळे ही मुलगी वर्षानुवर्षे राबते आहे. आपल्या कहाण्यांतल्या ‘घेतला वसा टाकू नये’ या वचनावर वाढलेल्या वाचकाला तिचा हट्ट समजावून सांगावा लागत नाही.

मला या पुस्तकात सर्वांत मोलाची वाटली ती एक वेगळीच गोष्ट. बोमाँबाईंच्या कथेत श्वापद आपल्या पाहुणीसाठी मोठे ग्रंथालय सज्ज ठेवते, कारण तिला वाचनाची आवड असते. मास यांच्या फेयराला धड वाचताच येत नाही. तिला परीलोकात नेणाऱ्या, म्हणजे या कथेतल्या ‘श्वापद’ असलेल्या टॅमलिनच्या वाड्यातल्या ग्रंथालयात ती शिरते ती घरच्यांना सावधगिरीचे पत्र लिहिता यावे म्हणून, आणि न समजलेल्या शब्दांची यादी करत बसते. तो शिकवायला तयार असतानाही ती नकार देते. मी आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रौढ स्त्रियांच्या साक्षरता वर्गात शिकवते आणि हा नकार मला चांगला ओळखीचा आहे: ‘चष्मा घरी राहिला’, ‘आज डोकं दुखतंय’, ‘तुम्हीच वाचा ना बाई’. न येण्यापेक्षा न येणे कुणाच्या लक्षात येणे अधिक लागते, हे लेखिकेने अचूक टिपले आहे. टॅमलिन तिच्या यादीतले शब्द वापरून वात्रट कविता रचतो, तो प्रसंग या प्रेमकथेतला सर्वांत कोवळा भाग आहे. ज्या शब्दांची तिला लाज वाटत होती, त्याच शब्दांवर ती हसू लागते.

टॅमलिनला शापातून सोडवायला फेयरा पुढे डोंगराखालच्या दरबारात जाते आणि हाच धागा तिथे जिवावर बेततो. अमरांथा या क्रूर राणीने ठेवलेल्या तीन परीक्षांपैकी दुसरीत भिंतीवर कोरलेला मजकूर वाचून तीन दांड्यांपैकी योग्य ती ओढायची असते. डोक्यावरून तापून लाल झालेल्या सळ्या खाली येत असतात, पलीकडे साखळदंडांत जखडलेला मित्र आणि हिला अक्षर लागत नाही. हे पान मी दोनदा वाचले. मात्र तिथून तिची सुटका होते ती दुसऱ्या कुणाच्या गुप्त मदतीने, हे मला खटकले. इतका खरा प्रश्न उभा करून लेखिकेने त्याची उकल नायिकेच्या हाती दिली नाही. शेवटच्या परीक्षेची बांधणी मात्र पक्की आहे. तिचे उत्तर कथेत आधीच पेरलेले आहे आणि राक्षसाचा प्राण पोपटात असतो हे लहानपणी ऐकलेला माणूस तिथे लवकर सावध होईल.

पूर्वार्ध बराच रेंगाळतो. बागा, मेजवान्या आणि मुखवटे यांची वर्णने निम्म्यावर आणली असती तरी काही बिघडले नसते. त्याहून गंभीर आक्षेप प्रेमप्रसंगांविषयी आहे. वसंताच्या उत्सवरात्रीनंतर टॅमलिन तिला अडवतो आणि तिच्या मानेला चावतो, किंवा डोंगराखाली रीसँड हा परीलोकातला दुसरा सरदार तिला गुंगीची मदिरा पाजून रोज दरबारात नाचवतो, तेव्हा तिच्या संमतीचा प्रश्न उरतोच. लेखिका त्याची काही कारणे पुढे देते, पण मला ती पुरेशी वाटली नाहीत. हे पुस्तक सुरुवातीला किशोरवयीन वाचकांसाठी म्हणून विकले जात होते, पुढे ते प्रौढांच्या विभागात गेले, आणि ते योग्यच झाले. परीकथा म्हणून शाळकरी मुलीच्या हाती ते देऊ नये. भाचीशी मी या प्रसंगांविषयी मोकळेपणाने बोलले आणि तिलाही ते बोचले होते, हे ऐकून बरे वाटले.

गेल्या आठवड्यात वर्ग संपल्यावर फेयराची गोष्ट मी थोडक्यात मराठीत सांगितली. मंडईत भाजी विकणाऱ्या एका ताईंनी राणीचे काय झाले, शाप सुटला का, यांतले काहीच विचारले नाही. त्या म्हणाल्या, ‘मग शिकली का ती वाचायला?’ पुढच्या भागात शिकते, असे भाचीने सांगितले आहे. तो भाग मी त्यासाठीच मागवला आहे.