महालातलं काष्ठौषधीचं दुकान: बाटली देण्याआधी विचारणारं

नागपूरच्या महाल भागात बडकस चौकातून आतल्या गल्लीत वळलं की लाकडी फळ्यांचं एक जुनं दुकान लागतं. पाटीवर नाव नाही, 'काष्ठौषधी, आसव, अरिष्टे' एवढंच रंगवलेलं. आमच्याकडे सगळे त्यांना जडीबुटीवाले काका म्हणतात. सुनेला सातवा महिना लागला, म्हणून शतावरी कल्प आणि पुढच्या बाळंतपणासाठी डिंक, खारीक, सुंठ घ्यायला गेले होते. माल कसा आहे ते खाली सांगतेच. पण लिहायला बसले ते काकांच्या विचारपुशीमुळे.

माझ्याआधी एक तरुण उभा होता. बायकोची पाळी मागेपुढे होते म्हणून अशोकारिष्ट मागत होता. काकांनी बाटली काढली, पण हातात दिली नाही. आवाज खाली आणून विचारलं, "सध्या चुकली आहे काय? किती दिवस वर झाले?" पोरगा लाजला. म्हणाला, आठ-दहा झाले असतील. "मंग आता नाही देत भाऊ. आधी टेस्ट करून घ्या, डॉक्टरला दाखवा. काही नसलं तर या परत, बाटली कुठी पळून नाही राहिली."

आसव-अरिष्टात मद्यार्क, म्हणजे अल्कोहोल, असतो, हे कितीतरी घरांत माहीतच नसतं. काढ्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून तो मुरवतात. आंबताना मद्यार्क आपोआप तयार होतो, साधारण 5 ते 10 टक्के. लेबलवर ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. आता हिशेब नीट मांडू, उगाच घाबरवायचं नाही. 30 मिली अरिष्टात सुमारे 2 मिली मद्यार्क जातो. 330 मिलीच्या साध्या बिअरमध्ये 16 मिलीच्या वर असतो. त्यामुळे कुणी नकळत दोन-चार दिवस घेतलं असेल तर जिवाला घोर लावून घेऊ नये, डॉक्टरांना सांगावं. पण ही औषधं दोन वेळा, महिनोन्‌महिने घेतली जातात. आणि गरोदरपणात मद्यार्काची अमुक इतकी मात्रा निर्धोक, अशी रेषा शास्त्रज्ञांना आजवर आखता आलेली नाही. म्हणून ते 'अजिबात नको' म्हणतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते, त्यामुळे काकांचा प्रश्न ऐकून थक्क झाले. 1981 साली अमेरिकेत कॅथलीन सुलिक यांनी गाभण उंदरिणींना सातव्या दिवशी मद्यार्क दिला. माणसाच्या गर्भाचा तो साधारण तिसरा आठवडा. पिल्लांच्या चेहऱ्यात आणि मेंदूत नेमके तेच दोष दिसले, जे केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी 1973 मध्ये सिएटलमध्ये दारू पिणाऱ्या आयांच्या आठ मुलांत नोंदवले होते. त्याआधी 1968 मध्ये फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लमोआन यांनी अशाच 127 मुलांची नोंद केली होती, पण तिच्याकडे फारसं कुणी पाहिलंच नाही. तिसरा आठवडा म्हणजे काय, तर पाळी चुकली की नाही हेही बाईला धड कळलेलं नसतं. 'दिवस गेलेत का' एवढंच विचारून भागत नाही. 'चुकली आहे काय' हाच प्रश्न बरोबर.

मग एक आजी आल्या, लेकीसाठी दशमूलारिष्ट हवं होतं. आपल्याकडे बाळंतिणीला ते दिलंच जातं. काकांनी बाळ किती दिवसांचं, अंगावर पितं का, एवढं विचारलं आणि बाटलीऐवजी दशमुळांची भरड पुढे केली. "मुळ्या त्याच दहा आहेत आई. घरी उकळून द्या. पण लेकीच्या वैद्याला विचारून." आईच्या रक्तात मद्यार्क जितका, साधारण तितकाच दुधात उतरतो, आणि बाळाच्या मेंदूची झपाट्याची वाढ शेवटच्या तीन महिन्यांत सुरू होऊन जन्मानंतरही चालू राहते. जॉन ओल्नी आणि ख्रिसांथी इकोनोमिदू यांच्या गटाने 2000 साली सात दिवसांच्या उंदराच्या पिल्लांवर प्रयोग केले. पिल्लांची ती अवस्था आपल्याकडच्या याच काळाशी जुळते. मद्यार्काने चेतापेशींमधले संदेश दाबले गेले आणि पेशी स्वतःहून मरू लागल्या, लाखोंनी. त्या प्रयोगातला डोस मोठा होता, आईच्या दुधातून उतरणाऱ्या अंशाशी त्याची बरोबरी नाही. पण वाढता मेंदू किती नाजूक असतो हे त्यातून कळतं. सर्दी झाली की तान्ह्या बाळाला ब्रँडी चाटवणारी घरं अजून आहेत. त्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

सान दिएगोच्या एडवर्ड रायली आणि सारा मॅटसन यांच्या कामाने मला वर्गातल्या मुलांकडे वेगळ्या नजरेने पाहायला शिकवलं. पोटात असताना ज्यांच्यापर्यंत मद्यार्क पोचला, अशा मुलांच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा पट्टा, कॉर्पस कॅलोसम, बारीक किंवा वेडावाकडा दिसू शकतो. चेहऱ्यावर मात्र अनेकदा काहीच खूण नसते. काल पाठ झालेला पाढा आज आठवत नाही, गणित बसत नाही, सूचना लक्षात राहत नाहीत, आणि अशा मुलाला आपण 'आळशी', 'हट्टी' म्हणून मोकळे होतो. अमेरिकेत 1989 पासून दारूच्या बाटलीवर गरोदर बायांसाठी इशारा छापतात. आपल्या बाटलीवर आरोग्याला हानिकारक, पिऊन गाडी चालवू नका, एवढंच. पोटातल्या बाळाबद्दल एक अक्षर नाही. मला याचा मनापासून राग येतो.

काकांचं मला विशेष आवडलं ते असं की ते कुणाला टोचून बोलत नाहीत. बाईला चारचौघांत शरम वाटेल असं विचारलं, तर ती पुढच्या वेळी खरं सांगणारच नाही.

आता मालाचं. शतावरी कल्प ताजा, छापील किमतीलाच. डिंक स्वच्छ, तळला की छान फुलतो. खारीक जरा कोरडी होती. सुंठ निवडून घ्या, तळाची किडकी निघाली. दुपारी दुकान बंद असतं आणि गल्लीत गाडी लावायला जागा नाही, चौकापासून चालत जावं लागतं. काकांचा मुलगा गल्ल्यावर असला की तो काही न विचारता बाटली देतो, हे मी स्वतः पाहिलं. त्यामुळे संध्याकाळी काका असतानाच जा. निघताना त्यांना म्हटलं, हा प्रश्न मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहून फळीवर लावा. "तुम्हीच लिहून आणा मॅडम," म्हणाले. पुठ्ठा आणला आहे, या आठवड्यात देऊन येते.