भरतीचं घड्याळ: काटा नीट चालतो, डायलवरचं स्पेलिंग चुकलंय

भरती-ओहोटी दाखवणारं एक भिंतीवरचं घड्याळ मी ऑनलाइन मागवलं आणि आठवीच्या वर्गात लावलं. शाळा अंधेरीत आहे, पण पटावरची बरीच मुलं वेसाव्याच्या कोळीवाड्यातली. मीही तिथलीच, आणि इंग्रजी शिकवते. त्यामुळे या घड्याळाकडे माझं दोन्हीकडून लक्ष होतं: ते पाणी बरोबर सांगतं का, आणि त्यावर लिहिलेलं बरोबर आहे का.

आधी पाण्याचं. याला मिनिटकाटा नाही, एकच काटा. वर भरती, खाली ओहोटी, आणि दोन्ही बाजूंना किती तास उरले त्याचे आकडे. पूर्ण फेरीला काटा १२ तास २५ मिनिटं घेतो, कारण चंद्रामुळे भरती रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा येते. मुंबईत दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, म्हणून हे घड्याळ इथे उपयोगी आहे. दिवसातून एकदाच भरती येते अशा किनाऱ्यावर ते कामाचं नाही. यंत्र साधं क्वार्ट्झचं, एका सेलवर चालणारं. चौकट लाकडी, काच घट्ट बसवलेली. वर्गाच्या मागच्या बाकावरूनही काटा दिसतो.

वेळ किती बरोबर? पौर्णिमेच्या भरतीला लावून दिलं तर उधाणात (पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची मोठी भरती) आणि भांगात (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) जवळजवळ अचूक. मधल्या दिवसांत अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो. हा दोष यंत्राचा नाही. उधाणाच्या दिवसांत भरती ५० मिनिटांपेक्षा कमी सरकते, भांगात तासाहून जास्त, आणि काट्याची चाल मात्र कायम सारखी. बाबा शाळेत आले होते तेव्हा त्यांनी बोटावर हिशोब करून घड्याळ तपासलं. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की भरती किती वाजता ते मिळतं. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्यांच्या हिशोबाला घड्याळ उतरलं, आणि वर्गातल्या मुलांना दोन्ही एकदम बघायला मिळालं, हे मला फार मोलाचं वाटतं.

घड्याळ उंची सांगत नाही, हे मात्र घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं. मुंबईच्या अपोलो बंदराला उधाणाची भरती सरासरी ४.४ मीटर आणि ओहोटी ०.८ मीटर, भांगात भरती ३.३ आणि ओहोटी १.९. म्हणजे एकदा पाणी साडेतीन मीटरहून जास्त चढतं-उतरतं आणि एकदा जेमतेम दीड मीटर, पण काटा दोन्ही वेळेला तसाच वर जातो. पावसाळ्यात मुंबईत साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची धास्ती असते, कारण समुद्र चढलेला असताना नाल्यांचं पाणी बाहेर पडत नाही. ते आकडे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यातूनच घ्यायचे. होडी बाहेर काढायची की नाही हे या घड्याळावर कोणी ठरवू नये.

आता लिहिलेल्याचं. घड्याळात एक छोटी चंद्राची तबकडी आहे. पौर्णिमा-अमावास्येपाशी 'स्प्रिंग' लिहिलंय, दोन्ही अष्टम्यांपाशी 'नीप'. या नीपचं स्पेलिंग छापलंय एन, डबल ई, पी. हवं होतं एन-ई-ए-पी. उच्चार एकच, पण डबल ई वाला नीप हा वेगळाच शब्द. तो लॅटिनमधल्या 'नापुस'वरून आला आणि स्कॉटलंडमध्ये सलगमासारख्या कंदाला म्हणतात. भरतीचा नीप जुन्या इंग्रजीत 'नेपफ्लोड' या जोडशब्दात सापडतो. 'फ्लोड' म्हणजे चढतं पाणी. 'नेप' आला कुठून याचा निकाल भाषातज्ज्ञांना लावता आलेला नाही. 'स्प्रिंग'चाही वसंत ऋतूशी संबंध नाही. पाणी उसळून वर येतं, त्या उसळण्याचा तो शब्द. आणि 'टाइड' म्हणजे मुळात वेळ, काळ.

एवढ्या अक्षराचं काय, असं विकणाऱ्याला वाटलं असेल. मला तसं वाटत नाही. मुलांनी ते स्पेलिंग जसंच्या तसं वहीत उतरवलं, कारण भिंतीवर छापलेलं खरं असणार असं त्यांनी धरलं. आणि ही मुलं या शब्दाच्या सगळ्यात जवळची आहेत. नीप म्हणजे भांग, एवढं सांगितल्यावर पुढचं त्यांनीच मला सांगितलं. डोल जाळं समुद्रात एका जागी बांधलेलं असतं, पाण्याच्या ओढीने त्याचं तोंड उघडं राहतं आणि बोंबील, जवळा आत येतो. उधाणात ओढ जोरात, भांगात ओढच नाही, म्हणून त्या दिवसांत होडी बंदरात आणि जाळी शिवायला अंगणात. इंग्रजी खलाशांनी याच शब्दाचं क्रियापद केलंय. उधाणाच्या अगदी वरच्या पाण्यावर जहाज रुतलं तर ते 'नीप्ड' झालं म्हणतात, मग पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळपास पंधरवडाभर, ते हलत नाही. एका मुलीने लगेच खाडीच्या तोंडाशी अशी अडकलेली होडी कोणाची होती ते सांगितलं. इंग्रजीच्या तासाला इतकं मोकळं बोलताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं.

पृथ्वी, चंद्र आणि सूर्य एका रेषेत आले की उधाण, काटकोनात आले की भांग, हे तबकडीवरून चांगलं शिकवता येतं. फक्त उधाण पौर्णिमेच्या दिवशीच कळसाला पोचत नाही, एक-दोन दिवसांनी पोचतं, भांगाचंही तसंच. हे तबकडी दाखवत नाही, आपण सांगायला हवं.

डायल बदलून द्या असं मी विक्रेत्याला लिहिलं. घड्याळ परत करता येईल, नुसता डायल मिळणार नाही, असं उत्तर आलं. परत केलं नाही. काच उघडून दोन्ही जागी बरोबर स्पेलिंगच्या पट्ट्या चिकटवल्या, शेजारी मराठीत 'उधाण' आणि 'भांग' लिहिलं.

पाचपैकी साडेतीन तारे. शाळेसाठी किंवा किनाऱ्याजवळच्या घरासाठी जरूर घ्या, पण मागवण्याआधी डायलचा फोटो मोठा करून वाचा. आणि सेल बदलला की काटा अंदाजाने फिरवू नका. पुढच्या पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या भरतीची वेळ तक्त्यात बघून, त्या मिनिटाला लावा.