येलोस्टोनजवळच्या आरव्ही कॅम्पग्राउंडवाल्याने आम्हाला कसं गंडवलं, वाचा आणि सावध व्हा

जुलैमधे येलोस्टोन नॅशनल पार्कला आरव्ही (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) घेऊन जायचा प्लॅन असेल आणि त्यातून इंडियाहून आलेले आई-वडील किंवा सासू-सासरे बरोबर असतील तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. पार्कबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. तक्रार आहे पार्कच्या बाहेर दुकान मांडून बसलेल्या एका खाजगी कॅम्पग्राउंडवाल्याबद्दल. प्रकरण अजून मिटलेलं नाही म्हणून नाव लिहीत नाही, पण त्यांची पद्धत पूर्ण सांगते, आणि आम्हाला जे दुसरे फसलेले लोक भेटले त्यांच्या बाबतीतही डिट्टो तेच झालं होतं.

आधी मुळात बाहेर का राहावं लागतं ते. येलोस्टोनच्या आत फुल हुकअप, म्हणजे वीज, पाणी आणि सीवर (सांडपाण्याचा पाइप) तिन्ही साइटवरच, असं एकच ठिकाण आहे, फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क. तिथे ग्रिझली अस्वलांचा वावर म्हणून तंबूला परवानगीच नाही, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या. ते उन्हाळ्यासाठी कधीच भरून जातं. मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज वगैरे बाकीची कॅम्पग्राउंड्स छान आहेत पण साइटवर वीज नाही, आणि जनरेटर रात्री चालवू देत नाहीत. आमच्या सासऱ्यांना झोपताना सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणारं) लागतं. म्हणजे रात्रभर वीज हवी ही आमच्यासाठी चैन नव्हती, त्याच्याशिवाय जाऊच शकत नव्हतो. फोनवर मी हे त्या माणसाला स्पष्ट सांगितलं होतं, सीपॅप हा शब्द वापरून, आणि तो म्हणाला मॅम काळजीच करू नका, ५० ॲम्पची साइट आहे, पुल-थ्रू आहे (म्हणजे गाडी सरळ आत घालून पुढूनच बाहेर काढायची), वेस्ट एंट्रन्स १० मिनिटांवर. हेच सगळं कन्फर्मेशनच्या ईमेलमधे पण आलं. तो झेलने (बँकेतून बँकेत थेट पैसे पाठवायची सोय) पैसे पाठवलेत तर १० टक्के कमी करतो म्हणत होता, आम्ही नको म्हटलं आणि क्रेडिट कार्डने भरले. ह्या एका गोष्टीने पुढे आम्हाला वाचवलं, ते खाली येईलच.

सॉल्ट लेक सिटीला आरव्ही घेतली, आय-१५ ने आयडाहो फॉल्स, तिथून यूएस २० धरून ॲश्टन, आयलंड पार्क, मग टारगी पास चढून मोंटानात उतरलं की वेस्ट येलोस्टोन गाव. गाडीत आम्ही दोघं, मुलं, सासूबाई आणि बाबा, म्हणजे सासरे. ऑफिसात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली होती. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमधे बघितलं, हसून वेलकम वगैरे केलं आणि एक फॉर्म पुढे सरकवला, इथे सही करा. फॉर्मवर बारीक अक्षरात होतं की पाहुण्याने साइट पाहिली असून ती मान्य आहे, रिफंड नाही. अहो साइट बघितलीच नाही तर मान्य कशी? मी म्हटलं आधी साइट दाखवा. तेव्हा तिने ड्रॉवरमधून दुसराच नकाशा काढला, पिवळ्या हायलायटरने रेघ मारली आणि म्हणाली तुमची साइट आमच्या सिस्टर प्रॉपर्टीवर आहे. कुठे, तर आयलंड पार्कमधे, आयडाहोत. ज्या घाटातून आम्ही नुकते वर आलो होतो तोच उतरून परत मागे. कन्फर्मेशनमधे सिस्टर प्रॉपर्टीचा एक शब्द नव्हता. ईमेल दाखवला तर म्हणते हो पण ती साइट आज "उपलब्ध नाही", आणि तुम्हाला पटत नसेल तर कॅन्सल करू शकता, पैसे मात्र मिळणार नाहीत.

इथे त्यांची खरी चलाखी आहे. संध्याकाळची वेळ, जुलै महिना, गावात एक खोली रिकामी नाही, गाडीत म्हातारी माणसं आणि भुकेली पोरं. दुपारी दोन वाजता सांगितलं असतं तर आम्ही चार ठिकाणी फोन फिरवले असते, आयडाहो फॉल्सलाच थांबलो असतो. पण सकाळी मी पोचायची वेळ कळवायला फोन केला तेव्हा कोणी काही बोललं नाही, उलट ऑल सेट म्हणून सांगितलं! अडलेल्या माणसाला कात्रीत पकडायचं हे ठरवून चाललेलं आहे, माझी ह्याबद्दल खात्री आहे, कारण सिस्टर प्रॉपर्टीचे नकाशे ड्रॉवरमधे गठ्ठ्याने छापून ठेवलेले मी डोळ्यांनी बघितले.

मी फॉर्मवर सही केली पण सहीच्या वरच, तिच्यासमोर, पेनने लिहिलं की साइट पाहिलेली नाही, बुक केलेली साइट दिलेली नाही, रात्रीची दुसरी सोय नसल्यामुळे नाइलाजाने जात आहोत. आणि त्याचा फोटो काढला. तिला ते अजिबात आवडलं नाही, नवीन फॉर्म देते म्हणाली, मी घेतला नाही.

मग बिल. बिलात दोन ओळी वाढल्या होत्या, एक रिसॉर्ट फी आणि दुसरी पार्क ॲक्सेस फी, २५ डॉलर. आमच्याकडे नॅशनल पार्कचा वार्षिक पास होता, ८० डॉलरवाला, तो दाखवला. म्हणे ही वेगळी आहे, कंपल्सरी आहे, पार्ककडेच जाते. दुसऱ्या दिवशी वेस्ट एंट्रन्सच्या बूथवर मी रेंजर बाईंना ते बिल दाखवून मुद्दाम विचारलं. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि सांगितलं की तेव्हा पार्कात गाडीला लागणारी फी एकच होती, ७ दिवसांसाठी ३५ डॉलर किंवा मग पास, बाहेरच्या कॅम्पग्राउंडच्या असल्या फीशी आमचा काही संबंध नाही. तेव्हा लक्षात ठेवा, पास घेतला तर हातात पास मिळतो. बिलावरची ओळ म्हणजे पास नव्हे, ती दाखवून गेटमधून कोणी आत सोडत नाही. टॅक्सच्या नावाखाली पण काही खपवलंय का ते बघा. आयडाहोत कॅम्पसाइटवर राज्याचा सेल्स टॅक्स ६ टक्के आणि ट्रॅव्हल अँड कन्व्हेन्शन टॅक्स २ टक्के लागतो. बिलात ह्याहून जास्त काही टॅक्स म्हणून लावलं असेल तर कुठला टॅक्स ते नावानिशी विचारा.

आता आयलंड पार्कचं जरा सांगते कारण पत्त्यावरून हे कळत नाही. हे गाव यूएस २० च्या कडेकडेने सुमारे ३३ मैल लांब पसरलंय. १९४७ मधे तिथल्या लॉज आणि हॉटेलवाल्यांनी मिळून नगरपालिका करून घेतली, कारण कायद्याने दारू विकायचं लायसन्स फक्त गावाच्या हद्दीतच मिळत होतं, म्हणून हायवेलगतचे सगळे धंदे हद्दीत येतील अशी लांबच लांब पट्टी आखली. त्यामुळे "आयलंड पार्क" एवढाच पत्ता असेल तर ते ठिकाण घाटाच्या पायथ्याशीही असू शकतं आणि गेटपासून पाऊण तास लांबही. आमचं अर्थातच लांबचं निघालं. पार्कच्या गेटपासून ओल्ड फेथफुल (तो प्रसिद्ध गरम पाण्याचा फवारा) अजून ३० मैल आत, पार्कात स्पीड लिमिट जास्तीत जास्त ४५, मधे बायसन रस्त्यावर आले की सगळं ठप्प. १० मिनिटांचं पाऊण तास झालं की रोज दीड तास नुसता जाण्यायेण्यात जातो, आणि ७५ वर्षांच्या माणसाला तो सोसत नाही.

साइटवर पोचलो तेव्हा अंधार पडायला आला होता. पुल-थ्रू कसली, दोन झाडांच्या मधे उलटी घालायची जागा. सीवरचा पाइप नाहीच. आणि विजेचा खांब. त्याचं झाकण एका बिजागरीवर लोंबत होतं, आत ५० ॲम्पचं सॉकेट नव्हतं, ३० चं होतं आणि त्याच्या एका भोकाभोवतीचं प्लास्टिक जळून काळं पडून आत वितळलेलं. त्याच खांबातून स्प्लिटर लावून शेजारच्या गाडीलाही जोडणी दिलेली, केशरी रंगाची जाड केबल गवतातून पलीकडे गेलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ३० ॲम्प म्हणजे १२० व्होल्टला ३६०० वॅट, आणि ५० ॲम्पच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन तारा मिळून १२,००० वॅटपर्यंत मिळतात. म्हणजे सांगितलं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, आणि ते पण दोन कुटुंबांत वाटून. आमच्याकडे सर्ज प्रोटेक्टर होता, व्होल्टेज दाखवणारा, तो लावला तर शेजारचा हीटर चालू झाला की आकडा १०३ वर घसरायचा. १०५ च्या खाली एसी, फ्रिज ह्यांचे कॉम्प्रेसर जळायची भीती असते, आणि भाड्याच्या आरव्हीत काही जळलं तर डिपॉझिट गेलंच.

रात्री थंडी काय असते तिथे ते इकडच्या उन्हाळ्यावरून समजणार नाही. सहा हजार फुटांच्या वर आहे सगळं, जुलैत सुद्धा रात्री चाळीस फॅरनहाइटच्या खाली जातं कधीकधी. त्यामुळे दोन्ही गाड्यांना उष्णता हवी. ब्रेकर पडला की सीपॅप बंद, बाबा दचकून उठायचे, श्वास घेताना त्रास, सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसलेल्या, आणि नवरा टॉर्च घेऊन परत खांबाकडे. शेवटी मी शेजारच्या गाडीचं दार वाजवलं. एक वयस्क अमेरिकन जोडपं होतं. मी सांगितलं काय झालंय ते, तर त्या आजींनी लगेच आपला हीटर बंद केला आणि म्हणाल्या आम्ही ब्लँकेटं घेतो, तुमच्या वडिलांचं मशीन चालू दे. त्यांनाही ५० ॲम्प, पुल-थ्रू, १० मिनिटं असंच सांगून तिथे आणून टाकलेलं, तोच फॉर्म, तोच पिवळा हायलायटर. त्या दोघांचे उपकार मी कधी विसरणार नाही.

सकाळी सगळ्याचे फोटो आणि व्हिडिओ काढले, खांबाचा, सॉकेटचा, व्होल्टेजच्या आकड्याचा, केबलचा, सीवर नसलेल्या जमिनीचा, आणि गेटपर्यंतच्या अंतराचा मॅप. टाक्या रिकाम्या करायला पंपाचा ट्रक बोलवायचे वेगळे ४५ डॉलर मागत होते, फुल हुकअपचे पैसे घेऊन! आम्ही नाही दिले. ऑफिसात गेलो तर मॅनेजर नाही, कधीच नसतो बहुतेक, आणि सिस्टमच रिफंड घेत नाही हे उत्तर. आम्ही तिथून गाडी हलवली. सासू-सासऱ्यांना आयडाहो फॉल्सच्या मोटेलमधे खोली बघितली आणि पार्क त्यांना भाड्याच्या कारने दाखवलं, खर्च वाढला तो वाढला.

आता पैशांचं. घरी आल्यावर बँकेला फोन केला आणि शिवाय पत्र पाठवलं. क्रेडिट कार्डाला फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टचं, १९७४ च्या कायद्याचं, संरक्षण आहे, ठरलं होतं तशी सेवा दिली नाही हे त्यात बसतं. ज्या स्टेटमेंटमधे तो चार्ज पहिल्यांदा आला ते पाठवल्यापासून ६० दिवसांच्या आत तुमचं लेखी पत्र बँकेच्या बिलिंग इन्क्वायरीच्या पत्त्यावर पोचलं पाहिजे, पेमेंट पाठवायच्या पत्त्यावर नाही. बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलिंग सायकलमधे, जास्तीत जास्त ९० दिवसांत, निकाल लावायचा. कॅम्पग्राउंडवाल्याने उत्तरादाखल बँकेला काय पाठवलं असेल? तोच फॉर्म, माझ्या सहीचा, साइट मान्य म्हणून. फक्त माझं हाताने लिहिलेलं वाक्य कापून स्कॅन केलेलं! माझ्याकडे पूर्ण पानाचा फोटो होता तो पाठवला, त्यानंतर बँकेने न राहिलेल्या रात्रींचे सगळे पैसे आणि ती पार्क ॲक्सेस फी परत दिली. पहिल्या रात्रीचे आणि रिसॉर्ट फीचे नाही मिळाले, राहिलात म्हणे. झेलने भरले असते तर ह्यातलं काहीच मिळालं नसतं, तिथे आपण स्वतः पाठवलेले पैसे परत मिळणं जवळजवळ अशक्य असतं. डेबिट कार्डालाही हे इतकं संरक्षण नाही.

ऑफिस मोंटानात, जागा आयडाहोत, म्हणून तक्रार दोन्हीकडे टाकली आहे, मोंटानाच्या ऑफिस ऑफ कन्झ्युमर प्रोटेक्शनकडे आणि आयडाहोच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे. वकील लागत नाही, फॉर्म ऑनलाइन भरता येतो.

तुमचं बुकिंग झालेलं असेल तर आज एक ईमेल टाका आणि चार गोष्टी लेखी मागा: साइट नंबर, त्या साइटचा स्वतःचा रस्त्यासकट पत्ता (ऑफिसचा नव्हे), किती ॲम्प, आणि सीवर साइटवरच आहे का. साइट नंबर "आल्यावर देऊ" म्हणाले तरी पत्ता लेखी घ्याच. पोचायचं शक्यतो दुपारी, म्हणजे काही घोळ निघाला तर हातात वेळ राहतो. पोचल्यावर प्लग लावायच्या आधी खांबाचा फोटो काढा, ब्रेकर बंद करून मगच प्लग लावा, जळकं सॉकेट दिसलं तर लावूच नका. घरात कोणाला सीपॅप किंवा ऑक्सिजनचं मशीन लागत असेल तर त्याला पुरेल अशी वेगळी बॅटरी बरोबर न्या, तिथे मदत लांबून येते. आणि फेसबुकवर कोणी आपलं पार्कातलं कॅम्पसाइट बुकिंग विकत असेल तर त्याच्याही नादी लागू नका.

हे सगळं कोणाच्या बाबतीत नुकतंच झालं असेल आणि स्टेटमेंटचे ६० दिवस संपले नसतील तर पत्र लगेच पाठवा. मी बँकेला पाठवलेल्या पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, मागा, लगेच देते.