घरी बिअर करायचं पहिलं किट : सामान चांगलं, पत्रक कुचकामी

घरी बिअर करायला सुरुवात करायची असेल, तर डब्यातल्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) अर्काचं साधं किट घ्यावं असंच मी सांगेन. धान्य दळून, भिजवून, उकळून सुरुवात केली तर एकाच वेळी दहा गोष्टी चुकू शकतात आणि कोणती चुकली ते कळत नाही. अर्काच्या किटमध्ये ते अर्धं काम कारखान्यातच झालेलं असतं. आपल्याकडे स्वच्छता, यीस्ट, तापमान आणि बाटल्या भरणं एवढंच उरतं. नवख्या माणसाने नेमकं हेच आधी शिकायला हवं. (घरी बिअर करायला तुमच्याकडे कायद्याने परवानगी आहे का, ते मात्र खरेदीआधीच बघा.)

नेहमीच्या किटमध्ये २५ ते ३० लिटरची नळाची बादली, झाकण, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी झडप), हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायचं साधन), बादलीला चिकटवायची तापमानाची पट्टी, बाटल्या भरायची नळी, बुचं आणि बुचं बसवायचं यंत्र येतं. शिवाय हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुलं) घातलेल्या अर्काचा १.७ किलोचा डबा आणि त्याच्या झाकणाखाली यीस्टची छोटी पुडी. बाटल्या बहुधा येत नाहीत. २० लिटरसाठी ३३० मिलीच्या साठेक किंवा ६५० मिलीच्या तीसेक लागतात, त्या आधीच जमवा. तपकिरीच घ्या. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतून उजेड आत गेला की हॉप्समुळे बिअरला उग्र, नकोसा वास येतो.

सामानाबद्दल फारशी तक्रार नाही. तक्रार आहे ती सोबतच्या पत्रकाबद्दल. एक किलो साखर घाला, २३ लिटरपर्यंत पाणी भरा, पाच-सहा दिवसांत बाटल्या भरा, असा त्याचा थाट असतो. यातल्या तिन्ही सूचना बाजूला ठेवा. तेवढ्या साखरेने अल्कोहोल वाढतं, पण बिअर पाणचट लागते. त्याऐवजी अर्धा किलो सुका माल्ट अर्क आणि अर्धा किलो डेक्स्ट्रोज (ग्लुकोज साखर) घ्या आणि पाणी २० लिटरवर थांबवा. सुरुवातीची घनता (पाण्याची १.००० धरून) १.०४४च्या आसपास येते. ती १.०१०पर्यंत उतरली, तर फरकाला १३१.२५ने गुणायचं, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या जवळपास अल्कोहोल.

यीस्टची पुडीही बदलावी. ती पाच-सहा ग्रॅमचीच असते आणि डब्याबरोबर गोदामात किती महिने तापली असेल सांगता येत नाही. २० लिटरला सुक्या एल यीस्टचं (एल हा बिअरचा एक प्रकार) ११.५ ग्रॅमचं ताजं पाकीट घाला. सगळ्या खर्चात सगळ्यात जास्त फरक पाडणारी वस्तू हीच.

आता प्रत्यक्ष काम. आधी सगळं धुवायचं, मग निर्जंतुक करायचं. ही दोन वेगळी कामं आहेत, कारण चिकटलेल्या घाणीवर सॅनिटायझर चालत नाही. फॉस्फोरिक आम्लाचं, न धुता वापरायचं सॅनिटायझर लिटरला दीड मिलीच्या आसपास लागतं. बाटलीवरचं प्रमाण पाळा. त्याचा फेस आत राहिला तरी चालतो, पाण्याने विसळू नका. नळ मात्र नक्की सुटा करा. बहुतेक नळांचा आतला दांडा जोर लावला की बाहेर येतो, आणि तो आणि बाहेरचं नळकांडं यांच्यामध्ये मागच्या खेपेचा चिकट थर सापडतो. बादली चकचकीत असूनही बिअर आंबट झाली, तर पहिला संशय इथे घ्या. बादली आतून घासणीने घासू नका, ओरखड्यांत जंतू बसतात.

पाण्याला क्लोरिनचा वास असेल, तर बिअरला औषधाच्या पट्टीसारखा वास येतो आणि तो जात नाही. २० लिटरला क्लोरिन घालवणारी कॅम्पडेनची (सल्फाइटची) अर्धी गोळी चुरून टाकली की पुरे.

डबा पंधरा मिनिटं गरम पाण्यात ठेवला की मधासारखा दाट अर्क सैल होतो. सुका अर्क तीन लिटर थंड पाण्यात ढवळा (वाफेवर धरलात तर गोळे होतात), मग उकळी आणा. फेस पटकन वर येतो, भांडं मोठं घ्या. आच बंद करून डेक्स्ट्रोज आणि डब्यातला अर्क मिसळा. हॉप्सचा अर्क पुन्हा उकळत बसू नका, त्याचा सुगंध उडतो. सगळं बादलीत ओतून गार पाण्याने २० लिटर करा आणि जोरात ढवळा. यीस्टला सुरुवातीला हवा लागते. शिवाय नीट मिसळलं नाही तर अर्क तळाशी बसतो आणि हायड्रोमीटर भलताच आकडा दाखवतो. मिश्रण २० अंशांच्या आसपास आलं की यीस्ट टाका.

पुढचे तीन दिवस सगळ्यात मोलाचे. १८ ते २० अंश सांभाळा. आंबताना बादली खोलीपेक्षा दोन-चार अंश गरम होते, म्हणून खोलीचं नव्हे तर बादलीवरच्या पट्टीचं तापमान बघा. उकाडा असेल तर बादली पाण्याच्या टबात ठेवून सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या बदला. २५च्या वर गेलं की स्पिरिटसारखा जळजळीतपणा येतो आणि तो मुरवूनही पुरता जात नाही.

एअरलॉकच्या बुडबुड्यांवर विसंबू नका. झाकण जरा सैल असलं की वायू बाजूने निघून जातो, एअरलॉक गप्प बसतो आणि नवखा माणूस घाबरून झाकण उघडत राहतो. खरं उत्तर हायड्रोमीटरच देतो. दोन आठवडे थांबा, मग दोन दिवसांच्या अंतराने दोन मोजण्या घ्या. आकडा सारखा आला तरच बाटल्या भरा. मोजायला काढलेली बिअर बादलीत परत ओतू नका. घनता आणखी ०.००४ने उतरायची बाकी असताना भरलं, तर ते लिटरला सुमारे आठ ग्रॅम जादा साखर घातल्यासारखं होतं. त्यावर बाटलीत वायू तयार व्हावा म्हणून आपण घालतो ती साखर पडली की काचेची बाटली फुटू शकते. आकडा १.०२०वर अडकला, तर तापमान २२ अंशांपर्यंत न्या, बादली अलगद हलवा आणि आणखी चार-पाच दिवस द्या.

भरताना लिटरला सहा ग्रॅम साखर धरा. हिशोब गाळावरून काढलेल्या बिअरचा करायचा, सुरुवातीच्या २० लिटरचा नाही. १९ लिटर निघाली तर ११४ ग्रॅम. ती कपभर पाण्यात उकळून दुसऱ्या स्वच्छ बादलीच्या तळाशी ओता आणि नळी बुडवून बिअर खळखळ न करता वर सोडा. आता हवा लागली की ओल्या पुठ्ठ्याची चव येते. किटमध्ये ही दुसरी बादली नसेल, तर ती वेगळी घ्याच. प्रत्येक बाटलीत चमच्याने साखर घातली की एक फसफसते आणि दुसरी सपक निघते.

वर दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडून बुच लावा आणि २० अंशांच्या आसपास, अंधारात, दोन आठवडे उभ्या ठेवा. एकदोन बाटल्या प्लॅस्टिकच्या भरा. त्या दाबून टणक लागल्या की वायू तयार झाला असं समजा, मग दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून उघडा. ओतताना तळाचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या.